योकोहामाचा मिनातो मिराई : कळंबहून सहकुटुंब जाताना काय पाहावं, काय जाणून घ्यावं?

समुद्राच्या काठावर एक भलामोठा आकाशपाळणा आहे. त्याच्या मधोमध घड्याळ आहे आणि रात्री तो रंग बदलत राहतो. जपान म्हटलं की मोबाईलवर हटकून दिसणाऱ्या रील्सपैकी ही एक. हे दृश्य टोकियोचं असं अनेकांना वाटतं, पण ते आहे टोकियोच्या दक्षिणेला असलेल्या योकोहामा शहरातलं. पाळणा ज्या भागात उभा आहे त्याचं नाव मिनातो मिराई. जपानीत 'मिनातो' म्हणजे बंदर आणि 'मिराई' म्हणजे भविष्य.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबपासून हे ठिकाण हजारो किलोमीटर दूर आहे. तरी त्याचं आपल्याशी काहीच नातं नाही असं म्हणता येत नाही. मुंबई आणि योकोहामा ही १९६५ पासून भगिनी शहरं आहेत. या किनाऱ्यावर भारतीयांनी बांधलेली एक वास्तू आजही उभी आहे. आणि वऱ्हाडातल्या कापसाचा धागाही या गोष्टीत कुठेतरी गुंफलेला आहे. घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना घेऊन आयुष्यात एकदाच करायची सहल असेल, तर नुसते फोटो काढून परत येण्यापेक्षा ही गोष्ट माहीत असलेली बरी.

मिनातो मिराई म्हणजे नेमकं काय?

मिनातो मिराई हा सुमारे १८६ हेक्टरचा किनारपट्टीचा भाग आहे. उंच कार्यालयं, हॉटेलं, संग्रहालयं, दुकानं, बागा, करमणूक पार्क आणि पाण्याच्या कडेने चालायचे रस्ते असं सगळं इथे एकत्र आहे. यातला काही भाग समुद्रात भर घालून तयार केलेला आहे.

आज इथे फिरताना कळत नाही, पण ही मूळची कामगारांची जागा. इथे जहाजं बांधायचा आणि दुरुस्त करायचा मोठा कारखाना होता. योकोहामा डॉक कंपनीने सुरू केलेला हा कारखाना पुढे मित्सुबिशीकडे गेला. आजूबाजूला मालगाड्यांचे रूळ, गोदामं आणि धक्के होते. शहराच्या ऐन मध्यावर समुद्र होता, पण सामान्य माणसाला त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

१९६५ मध्ये योकोहामा नगरपालिकेने शहर नव्याने घडवण्यासाठी सहा मोठे प्रकल्प जाहीर केले. शहराच्या मधल्या भागाची पुनर्रचना हा त्यातला एक. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९८३ उजाडलं. त्याच वर्षी जहाज कारखाना तिथून हलवला गेला. १९८९ मध्ये याच मोकळ्या जमिनीवर योकोहामा प्रदर्शन भरलं आणि लोकांनी हा किनारा पहिल्यांदा जवळून पाहिला. रीलमधला आकाशपाळणा याच प्रदर्शनासाठी उभारला होता. प्रदर्शन संपलं, पाळणा राहिला. पुढे १९९९ मध्ये तो आजच्या जागी हलवण्यात आला.

जुनं पाडलं नाही, वापरात आणलं

मिनातो मिराईची खरी गंमत नव्या इमारतींत नाही. जुन्या वस्तूंचं तिथे काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

जहाजं दुरुस्त करायची गोदी म्हणजे जमिनीत खोल खणून दगडाने बांधलेला प्रचंड हौद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं आणि कोरड्या तळावर उभं राहून काम करायचं. इथल्या दोन जुन्या गोद्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातल्या आहेत. एका गोदीत आज 'निप्पोन मारू' हे १९३० सालचं शिडाचं जहाज तरंगतं. खलाशांना शिकवण्यासाठी ते अनेक वर्षं वापरात होतं. दुसऱ्या गोदीचा तळ आता मोकळा चौक झाला आहे, तिथे पायऱ्या उतरून जाता येतं. कळंबच्या माणसाला ही रचना अगदीच अनोळखी वाटणार नाही. चिंतामणीच्या दर्शनालाही जमिनीच्या पातळीखाली उतरावं लागतं आणि तिथेही कुंडाचं पाणी आहे. एक देवाचं स्थान, दुसरं कामाचं. पण खाली उतरताना भोवतीच्या दगडी भिंती उंच होत जातात, तो अनुभव सारखाच.

मालगाडीचा जुना मार्गही असाच वापरला आहे. १९११ च्या सुमाराचे रूळ आणि पूल ठेवून त्यावर चालण्याचा रस्ता केला आहे. याला 'किशामिची' म्हणतात, म्हणजे आगगाडीची वाट. दोन्ही बाजूंना पाणी, पायाखाली लाकडी फळ्या आणि त्यात बसवलेले जुने रूळ. लांबी साधारण ५०० मीटर.

ही वाट ज्या बाजूला जाते तिथे लाल विटांची दोन गोदामं आहेत. एक १९११ मध्ये पूर्ण झालं, दुसरं १९१३ मध्ये. जकात खात्याच्या या गोदामांत परदेशी माल ठेवला जाई. २००२ पासून तिथे दुकानं, उपाहारगृहं आणि कार्यक्रमांची सभागृहं आहेत. नीट पाहिलं तर एक इमारत दुसरीपेक्षा बरीच आखूड दिसते. १९२३ च्या भूकंपात तिचा जवळजवळ अर्धा भाग कोसळला होता.

राडारोड्यावर उभी राहिलेली बाग

तो भूकंप समजून घेतल्याशिवाय हा किनारा समजत नाही. १ सप्टेंबर १९२३, दुपारी बारा वाजायला दोन मिनिटं बाकी. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. कांतो प्रदेशाला भीषण धक्का बसला आणि पाठोपाठ आगी लागल्या. टोकियो, योकोहामा आणि परिसरात मिळून एक लाखाहून अधिक माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना शहराच्या शहर जमीनदोस्त होणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पडलेल्या शहराच्या विटा, दगड आणि राडारोडा योकोहामाने समुद्राच्या काठावर टाकला. त्या भरावावर बाग केली आणि १९३० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. हेच यामाशिता उद्यान. आज तिथे गुलाबाचे ताटवे आहेत, लहान मुलं पळतात, म्हातारी माणसं बाकांवर बसून जहाजं बघतात. त्या हिरवळीखाली त्यांच्या आजोबा-पणजोबांची घरं आहेत.

याच बागेत एका कोपऱ्यात घुमटाची छोटीशी वास्तू आहे. तिला 'भारतीय जलस्तंभ' म्हणतात. खांब, कमानी, वर घुमट, आत छताला रंगीत नक्षी आणि मधे पाणी पिण्याची सोय. भूकंपाच्या वेळी योकोहामात भारतीय व्यापारी राहत होते. रेशीम आणि कापडाच्या व्यापारात असलेल्या या समाजातली काही माणसंही त्या दिवशी दगावली. वाचलेल्यांना स्थानिक लोकांनी आधार दिला. बरेच व्यापारी कोबे शहराकडे निघून गेले होते. त्यांनी परत यावं म्हणून योकोहामाने त्यांच्या राहण्याची आणि दुकानांची व्यवस्था करण्यात पुढाकार घेतला. त्या मदतीची आठवण आणि गेलेल्या देशबांधवांचं स्मरण म्हणून भारतीय समाजाने १९३९ मध्ये हा जलस्तंभ शहराला भेट दिला.

आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाणपोई घालतात. परक्या देशात राहणाऱ्या माणसांना ऋण फेडायला पाण्याचीच आठवण झाली. घरच्या मुलांना हे आवर्जून सांगावं. पाळण्याच्या नादात अनेक भारतीय पर्यटक ही वास्तू न बघताच परततात.

कापूस, मुंबई आणि जपान

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बाजारात 'उमरा' या नावाने ओळखला जाई. हे नाव अमरावतीवरून, म्हणजे जुन्या उमरावतीवरून पडलं. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे, जिला लोक 'शकुंतला' म्हणतात, तीसुद्धा या भागातला कापूस बाहेर नेण्यासाठीच घातली गेली.

त्या काळात जपानमध्ये सूतगिरण्या झपाट्याने वाढत होत्या आणि त्यांना भारतीय कापूस हवा होता. पण मुंबईहून पूर्वेकडे जाणारी मालवाहतूक युरोपीय जहाज कंपन्यांच्या हातात होती आणि भाडं तेच ठरवत. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानच्या निप्पोन युसेन कंपनीने हातमिळवणी करून मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली. त्या कंपनीचा हा पहिला लांब पल्ल्याचा परदेशी मार्ग. युरोपीय कंपन्यांनी भाडं पाडून स्पर्धा केली, तरी ही सेवा टिकली.

त्याच कंपनीचं 'हिकावा मारू' हे जहाज आज यामाशिता उद्यानाच्या काठाला कायमचं उभं आहे. १९३० मध्ये ते योकोहामाच्याच गोदीत बांधलं गेलं. ते अमेरिकेच्या सिअ‍ॅटल मार्गावर चाले, मुंबईला नव्हे. १९६१ पासून ते इथे आहे. आत जाऊन जुन्या खोल्या, भोजनगृह आणि इंजिन पाहता येतं. जहाज कधीच न पाहिलेल्या मुलांसाठी हा तासाभराचा चांगला कार्यक्रम आहे.

१८९३ सालाशी जोडलेली आणखी एक आठवण आहे. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघालेले स्वामी विवेकानंद ३१ मे रोजी मुंबईहून जहाजात बसले, वाटेत जपान पाहिलं आणि जुलैमध्ये योकोहामाहूनच 'एम्प्रेस ऑफ इंडिया' जहाजाने पुढे गेले. त्या जहाजावर जमशेटजी टाटाही होते.

सगळ्या वयाच्या माणसांना जमेल असा एक दिवस

साकुरागिचो स्टेशनवरून सुरुवात करणं सोयीचं. १८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे सुरू झाली तेव्हाचं योकोहामा स्टेशन इथेच होतं. बोरीबंदर-ठाणे गाडी त्याआधी १९ वर्षं, १८५३ मध्ये धावली होती, हे मुलांना ऐकायला आवडेल.

स्टेशनसमोरून किशामिचीच्या वाटेने चालत लाल गोदामं, पुढे ओसानबाशी धक्का आणि शेवटी यामाशिता उद्यान, असा साधारण तीन किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी तीन पर्याय आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेला 'एअर केबिन' हा रोपवे स्टेशनपासून पाण्यावरून काही मिनिटांत पलीकडे नेतो. 'आकाई कुत्सु' ही पर्यटकांची बस मुख्य ठिकाणं फिरवते. 'सी बास' ही बोट योकोहामा स्टेशनजवळून लाल गोदामांमार्गे यामाशिता उद्यानापर्यंत जाते.

वाटेत काय थांबून पाहावं?

कॉस्मो वर्ल्ड आणि पाळणा : या करमणूक पार्कमध्ये आत जायला पैसे लागत नाहीत, ज्या पाळण्यात बसायचं त्याचंच तिकीट काढायचं. त्यामुळे पाच जणांचं कुटुंब असलं आणि दोघांनाच बसायचं असलं, तर बाकीच्यांचे पैसे वाचतात. मोठ्या पाळण्याचं नाव 'कॉस्मो क्लॉक २१'. उंची ११२.५ मीटर, डबे ६०, एक फेरी साधारण १५ मिनिटांची. फिरणं इतकं संथ आहे की घाबरणाऱ्यांनाही जमतं.

कप नूडल्स संग्रहालय : झटपट नूडल्स शोधणाऱ्या मोमोफुकू आंदो यांच्या कामावरचं हे संग्रहालय २०११ मध्ये उघडलं. मुलांना स्वतः रंगवलेल्या कपात नूडल्स भरून घेता येतात. शाकाहारी कुटुंबांनी मात्र सूप कशाचं आहे हे आधी विचारावं. ते बहुधा मांस किंवा माशांपासून केलेलं असतं.

झोउ-नो-हाना उद्यान : नावाचा अर्थ 'हत्तीची सोंड'. जुना वाकडा बंधारा वरून सोंडेसारखा दिसतो, म्हणून हे नाव. बंदर खुलं झाल्याला १५० वर्षं झाली तेव्हा, २००९ मध्ये, ही बाग झाली. चिंतामणीच्या गावाहून आलेल्यांनी इथे एक फोटो काढायलाच हवा.

ओसानबाशी धक्का : मोठी प्रवासी जहाजं लागतात ते हे ठिकाण. २००२ मध्ये बांधलेल्या या इमारतीचं छत म्हणजे लाकडी फळ्यांची टेकडीच. वर जायला उतार आहेत, त्यामुळे चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी सहज जाते. संध्याकाळी इथून दिवे लागलेला सगळा किनारा दिसतो, आणि तेही फुकट.

शेजारी २९६ मीटर उंचीचा लँडमार्क टॉवर आहे. १९९३ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत २०१४ पर्यंत जपानमधली सर्वांत उंच इमारत होती. उंचावरचे निरीक्षण कक्ष कधी कधी दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून त्यांच्या भरवशावर दिवस आखण्याआधी ते उघडे आहेत का हे पाहावं.

हिशेब साधा आहे. किशामिची, गोदामांचं आवार, सोंडेची बाग, धक्का, यामाशिता उद्यान आणि भारतीय जलस्तंभ यांना तिकीट नाही. पाळणा, रोपवे, संग्रहालय आणि जहाज यांना आहे. पैसे मोजून चालणाऱ्या कुटुंबाने तिकिटाची एक किंवा दोनच ठिकाणं निवडली, तरी दिवस भरगच्च होतो.

जेवणाचं काय?

जपानमध्ये शाकाहारी माणसाची खरी अडचण मांस नाही, 'दाशी' आहे. हा माशापासून केलेला रस्सा. भाजीच्या सूपमध्ये, नूडल्समध्ये, अनेकदा सॉसमध्येही तो असतो. वरून पदार्थ निव्वळ भाजीचा दिसतो. त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, 'मासे आणि दाशीही नको' असं जपानीत लिहिलेलं मोबाईलवर तयार ठेवावं. योकोहामात भारतीय उपाहारगृहं आहेत. शिवाय घरून नेलेल्या दशम्या, चटणी, चिवडा आणि लाडू पहिले दोन दिवस तारून नेतात. मांसाचे पदार्थ, ताजी फळं आणि भाज्या मात्र नेऊ नयेत, विमानतळावर अडवतात.

बागेत बसून खायला हरकत नसते, पण कचऱ्याचे डबे फारसे दिसणार नाहीत. आपला कचरा पिशवीत ठेवून परत न्यायचा, ही तिथली रीत.

कळंबहून निघताना

कळंब नागपूर-यवतमाळ रस्त्यावर आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं, त्यामुळे आता वर्ध्यापर्यंत रेल्वेही आहे. नागपूरहून जपानला थेट विमान नाही. दिल्लीहून टोकियोला थेट विमानं जातात. टोकियोत हानेदा आणि नारिता असे दोन विमानतळ आहेत. योकोहामाला जायचं असेल तर हानेदा जवळचा, तिथून रेल्वेने साधारण अर्ध्या तासात योकोहामा स्टेशन येतं. नारिताहून दीड तास धरावा. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे.

विदर्भातल्या लोकांचं पासपोर्टचं काम नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. जपानचा पर्यटन व्हिसा एप्रिल २०२४ पासून भारतीयांना इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळू लागला आहे. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी अधिकृत माहिती तपासावी.

आजी-आजोबांच्या औषधांकडे विशेष लक्ष द्यावं. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत असणारे घटक, उदाहरणार्थ कोडीन आणि स्यूडोएफेड्रिन, यांवर जपानमध्ये कडक बंधनं आहेत. डॉक्टरांनी दिलेली नेहमीची औषधं साधारण महिनाभर पुरतील एवढी नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी लागते. सोबत चिठ्ठी ठेवावी आणि गोळ्या मूळ वेष्टनातच न्याव्यात.

ऋतूचाही विचार हवा. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला साकुरा फुलतो, पण गर्दीही तेव्हाच. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांच्या सलग सुट्ट्या असतात, ते दिवस टाळावेत. जून-जुलैमध्ये पाऊस, ऑगस्टमध्ये दमट उकाडा, त्यानंतर वादळांची शक्यता. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते. याच सुमारास यामाशिता उद्यानात दिवाळीचा सार्वजनिक उत्सवही भरत आला आहे.

भूकंपाची भीती बाळगून सहल टाळण्याचं कारण नाही, पण तयारी हवी. किनाऱ्यावर त्सुनामीच्या वेळी कुठे जायचं याच्या पाट्या असतात, पोहोचल्याबरोबर त्या बघून ठेवाव्यात. जपानच्या पर्यटन विभागाचं 'सेफ्टी टिप्स' हे ॲप मोबाईलवर सूचना देतं. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आधीच ठरवावं.

मुंबईसाठी एक प्रश्न

भगिनी शहरांची तुलना साहजिक आहे. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. बागांसाठी मिळाली असती त्यातली बरीच जमीन टॉवर आणि मॉलकडे गेली. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनी लोकांसाठी खुल्या कराव्यात, ही चर्चाही अनेक वर्षं चालू आहे.

योकोहामातही टॉवर आहेत, मॉल आहेत, महागडी हॉटेलं आहेत. पण पाण्याची कड त्यांच्या कुंपणाआड गेली नाही. खिशात पैसे असोत वा नसोत, कुणीही तिथे संध्याकाळी जाऊन बसू शकतो. कळंबहून गेलेल्या कुटुंबाला ओसानबाशीच्या लाकडी उतारावर बसून दिवे पाहताना कदाचित हेच सगळ्यात जास्त जाणवेल. आकाशपाळणा कुठल्याही जत्रेत असतो. समुद्राच्या काठावर विनातिकीट बसायला मिळणारी जागा मात्र शहराला ठरवून राखावी लागते.